मोटरहोमच्या पाठीवर सायकली: रॅक घेण्याआधी वजनाचा हिशेब मांडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मोटरहोम, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेली गाडी, सात मीटर लांब, एकूण वजनाची मर्यादा ३५०० किलो. सोबत दोघांच्या दोन ई-सायकली आणि आठ वर्षांच्या मुलीची एक साधी सायकल न्यायची आहे. मागच्या पलंगाखाली सामानाचं गॅरेज आहे, पण त्याच्या दाराची उंची १०५ सेंमी. विक्रेता म्हणतो, मागच्या भिंतीवर चार सायकलींचा रॅक लावून देतो, तीन आरामात बसतील. हे सुरक्षित आहे का, आणि नसेल तर दुसरा मार्ग कोणता?

विक्रेता खोटं बोलत नाही, पण अर्धंच सांगतोय. ‘चार सायकलींचा रॅक’ म्हणजे त्यावर चाकं ठेवायला चार पन्हळी आहेत, एवढंच. तो किती किलो पेलतो हे वेगळं लिहिलेलं असतं आणि तुमच्या कामाचा आकडा तोच. भिंतीवरच्या रॅकची मर्यादा मॉडेलप्रमाणे साधारण ३५ ते ६० किलो असते. साधी सायकल बारा ते पंधरा किलोची, म्हणून चार सायकली साठ किलोत बसायच्या. ई-सायकल एकटीच २० ते २८ किलोची. दोन चढवल्या की रॅकची ताकद संपत आली, उरलेल्या पन्हळी शोभेच्या.

तेव्हा पहिलं काम घरच्या घरी करा. माणसाचं वजन करायच्या काट्यावर सायकल उचलून उभे राहा, मग सायकलीशिवाय उभे राहा, वजाबाकी करा. माहितीपत्रकातल्या वजनावर जाऊ नका. त्यात मडगार्ड, स्टँड, कॅरियर, कुलूप यांचा समावेश असेलच असं नाही, आणि या चार वस्तू मिळून सहज तीन-चार किलो भरतात.

आता खरा मुद्दा. माझं काम मोटरहोमच्या दुरुस्तीचं. रॅक बसवतो, आणि दुसऱ्यांनी बसवलेले रॅक काढून त्यामागची सडलेली भिंतही दुरुस्त करतो. माझ्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक जण ‘कोणता रॅक चांगला?’ असं विचारतो. गाडीच्या शेपटीवर वजन टांगलं की गाडीचं काय होतं, हे फार थोडे विचारतात.

पहारीने धोंडा कसा हलवतात ते आठवा. टेकू जवळ, हात लांब, आणि थोड्या जोराने मोठं काम. मोटरहोममध्ये टेकू म्हणजे मागची चाकं, आणि तुमच्या सायकली पहारीच्या लांब टोकाला. सात मीटरच्या बऱ्याच गाड्यांमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर सुमारे चार मीटर असतं, आणि मागच्या चाकांपासून शरीर आणखी दोन मीटर मागे जातं. रॅकवरच्या सायकलींचा मध्य भिंतीच्याही मागे ४० सेंमी धरा. म्हणजे वजन मागच्या आसापासून (मागची दोन चाकं जोडणाऱ्या दांड्यापासून) २.४ मीटरवर आलं. मागच्या आसावर पडणारा भार काढायचा तर चाकांमधलं अंतर अधिक हे मागचं अंतर, भागिले चाकांमधलं अंतर: ६.४ भागिले ४, म्हणजे १.६. मागे टांगलेला प्रत्येक किलो मागच्या आसाला १.६ किलो वाटतो.

तुमचे आकडे घालून बघू. एक ई-सायकल २६ किलो, दुसरी २५, मुलीची ११, झाले ६२. रॅकचं स्वतःचं वजन १२ धरू, एकूण ७४. मागच्या आसावर वाढले ११८ किलो. मग वरचे ४४ किलो आले कुठून? ते पुढच्या चाकांवरून उचलले गेले. गाडीचं एकूण वजन ७४ नेच वाढलं, पण पुढचा भाग ४४ किलोने हलका झाला. यातल्या बऱ्याच गाड्या पुढच्या चाकांनी ओढल्या जातात, वळणं आणि ब्रेकचा मोठा वाटाही पुढच्याच चाकांचा. ओल्या गवतावरून गाडी बाहेर काढताना पुढची चाकं जागीच गरगर फिरतात, किंवा मोठी लॉरी शेजारून गेली की स्टिअरिंग पातळ झाल्यासारखं वाटतं, त्याचं एक कारण अनेकदा इथे असतं.

साडेतीन टनी बऱ्याच गाड्यांत मागच्या आसाची मर्यादा २००० किलोच्या आसपास असते. पाण्याची टाकी, गॅरेजमधलं सामान, मागचा पलंग, त्यावर झोपणाऱ्यांच्या गाद्या हे सगळं आधीच मागे बसलेलं. त्यामुळे एकूण वजन ३५०० च्या आत आणि मागचा आस मात्र मर्यादेबाहेर, हे मी वारंवार पाहिलंय. एकूण आकडा बघून निश्चिंत होऊ नका. गाडी प्रवासाला निघताना असते तशीच भरा: इंधन, पाणी, गॅस, माणसं, सायकली. मग वजनकाट्यावर आधी पुढची चाकं, मग मागची, मग पूर्ण गाडी असं तीनदा वजन करा. १०० लीटर पाणी म्हणजे १०० किलो. मुक्कामी पाणी मिळणार असेल तर टाकी भरून नेण्याचा अट्टहास सोडलात तरी निम्मा प्रश्न सुटतो. मागच्या टायरमधली हवाही या प्रत्यक्ष वजनाप्रमाणे भरा, अंदाजाने नको.

आता भिंत. मोटरहोमची मागची भिंत विटांची नसते, हे सगळ्यांना माहीत असतं आणि रॅक घेताना सगळे विसरतात. बाहेर ॲल्युमिनियमचा किंवा फायबरचा पातळ पत्रा, मध्ये फोम, आत पातळ प्लायवूड, आणि ठरावीक जागीच लाकडाच्या किंवा प्लास्टिकच्या पट्ट्या. या पट्ट्या कुठे आहेत हे गाडीच्या कंपनीकडून कळल्याशिवाय भोक पाडू नये. बोल्ट आरपार गेला पाहिजे आणि आतल्या बाजूला रुंद धातूची पट्टी हवी, नुसता वॉशर नव्हे. नट जीव खाऊन आवळला की मधला फोम दबतो, पत्रा वाटीसारखा खोल होतो आणि त्या वाटीत पाणी साचतं. म्हणून बोल्टभोवती भिंतीच्या जाडीची नळी घालतात. आवळण्याचा दाब नळी घेते, फोम वाचतो. भोक बंद करायला पॉलियुरेथेन सीलंट किंवा ब्यूटिलची पट्टी वापरतात. न्हाणीघरातलं सिलिकॉन इथे कामाचं नाही. हादऱ्यांनी ते सुटतं, आणि एकदा लागलं की त्याच्यावर दुसरं काही धड चिकटत नाही.

रॅक भिंतीला कसा ओढतो हेही समजून घ्या. खालची कडी भिंतीला आत ढकलते, वरची बाहेर खेचते. ७४ किलो भिंतीपासून ४० सेंमी दूर, आणि वरच्या-खालच्या कड्यांत एक मीटर अंतर असेल तर वरच्या कड्यांवर सुमारे ३० किलोची ओढ येते. तेच अंतर अर्धा मीटर केलं तर ओढ ६० किलोची. आणि हे गाडी उभी असताना. खड्ड्यात मागची चाकं आपटली की क्षणभर हाच भार दुप्पट-तिप्पट होतो, कारण मागच्या चाकांच्या पलीकडची शेपूट जत्रेतल्या पाळण्यासारखी वरखाली होते. म्हणून वरच्या कड्या भिंतीच्या शक्य तितक्या उंच आणि मजबूत भागात हव्यात, आणि पाणी झिरपायला सुरुवातही बहुतेक वेळा तिथूनच होते.

हे पाणी दिसत नाही. आतल्या वरच्या कपाटात कुबट वास, भिंतीवरच्या कागदाला आलेला फुगा, बोटाने दाबलं की मऊ लागणारी जागा, ही लक्षणं दिसेपर्यंत लाकूड गेलेलं असतं. एकदा चार बोल्टांपैकी एक बोल्ट मी नुसत्या बोटांनी फिरवून बाहेर काढला. भोवतालच्या लाकडाचा भुगा झाला होता. त्या रॅकवर दोन उन्हाळे सायकली गेल्या होत्या आणि मालकाला काहीच जाणवलं नव्हतं, कारण उरलेले तीन बोल्ट इमानदारीने भार वाहत होते. ओलावा मोजण्याचं साधं यंत्र मिळतं. बोल्टांच्या आसपास आतून वर्षातून एकदा लावून बघा. २० टक्क्यांच्या वर आकडा गेला तर रॅक उतरवून कारण शोधायचं, वरून सीलंट फासून वेळ मारून न्यायची नाही. गाडीला पाणी न शिरण्याची हमी असेल तर स्वतः भोकं पाडल्यावर ती टिकते का, हेही आधीच लेखी विचारून घ्या.

आता गॅरेज. तुमच्याकडे ते आहे, म्हणून मी आधी तिकडेच बघेन. भिंतीला भोक नाही, सायकली कोरड्या, चोराच्या नजरेआड, लांबी वाढत नाही, नंबरप्लेट झाकली जात नाही. वजनही चाकांच्या जवळ. गॅरेजचा मध्य आसापासून १.६ मीटरवर धरला तर मघाच्या १.६ पटीऐवजी १.४ पट येते आणि रॅकचे १२ किलो वाचतात. त्याच तीन सायकली मागच्या आसावर ११८ ऐवजी ८७ किलो टाकतील. गॅरेजच्या जमिनीची स्वतंत्र मर्यादा असते, ती गाडीच्या पुस्तिकेत बघा.

अडचण दाराची. १०५ सेंमीच्या दारातून बहुतेक मोठ्या सायकलींचं हँडल आत जात नाही, सीट खाली केली तरी. पण हँडल फिरवता येतं. दांड्याचे बोल्ट सैल करून ते चाकाला समांतर वळवलं की रुंदी खूप कमी होते, आणि मग सायकल थोडी तिरपी करून आत सरकते. दर वेळी बोल्ट सैल करायला लागू नयेत म्हणून हँडल झटक्यात वळवणारे जोडही मिळतात. पुढचं चाक काढून फाटा जमिनीवरच्या पकडीत बसवला तर उंची आणखी कमी होते. मात्र हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असतील तर चाक काढल्यावर पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याचा जाड तुकडा घाला. चाक नसताना चुकून ब्रेक दाबला गेला तर पॅड एकमेकांना चिकटून बसतात आणि मुक्कामी पोचल्यावर पहिला तास ते उघडण्यात जातो.

आत ठेवलेली सायकल बांधायची, नुसती टेकवायची नाही. गॅरेजच्या भिंतीवर किंवा जमिनीवर बांधणीच्या पट्ट्या असतात, त्यातल्या कड्यांना दोन्ही दिशांनी पट्टा. पाण्याचे नळ, हीटरचा झोत, गॅसच्या कप्प्याची हवा खेळण्याची जाळी यातलं काही दाबलं जात नाही ना, ते बघा. ‘रात्रीपुरतं आत ठेवतो, बसायच्या जागेत, चालेल का?’ असंही लोक विचारतात. गाडी उभी असताना खुशाल ठेवा. चालत्या गाडीत नको. ताशी ५० किमी वेगाने जाणारी गाडी अर्ध्या मीटरमध्ये थांबली तर आतल्या प्रत्येक वस्तूला तिच्या वजनाच्या सुमारे वीसपट जोराने थांबवावं लागतं. २५ किलोची सायकल तेव्हा पाचशे किलोच्या जोराने पुढे येईल, आणि पुढे तुम्ही बसलेले असाल.

टो-बारवरचा, म्हणजे गाडीमागे ट्रेलर जोडायच्या दांड्यावरचा, रॅक ही तिसरी वाट. त्याचा मोठा फायदा म्हणजे भार भिंतीवर न येता थेट चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर जातो, आणि सायकल गुडघ्याच्या उंचीवर चढवायची असते. भिंतीवरच्या रॅकवर २५ किलोची सायकल छातीपर्यंत उचलावी लागते. एकदा जमतं, पंधरा दिवस रोज दोनदा करून बघा. (वर-खाली होणारे, रॅकचं हँडल फिरवून किंवा मोटरने सायकल चढवणारे भिंतीवरचे रॅक असतात. पाठीचं दुखणं असेल तर तो खर्च करा, पण त्यांचं स्वतःचं वजन जास्त असतं, ते हिशेबात घ्या.) टो-बारच्या बॉलवर (टोकाच्या गोळ्यावर) उभा भार किती चालतो हे त्याच्यावरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. समजा ७५ किलो. रॅक १९ किलोचा असेल तर सायकलींना उरले ५६. आणि सायकली भिंतीच्या आणखी मागे गेल्याने पहारीचा हात लांबला, हे विसरू नका. शिवाय मोटरहोमची चासी मागे जोड देऊन वाढवलेली असते. टो-बार त्या जोडावर बसवला असेल तर मर्यादा कमी असू शकते.

मोटारीवर वापरलेला रॅक इकडे लावू, असं अनेकांच्या मनात येतं. आधी त्याची पुस्तिका वाचा. मोटारीसाठी बनवलेल्या बऱ्याच रॅकच्या पुस्तिकेत मोटरहोमच्या मागे लावू नये असं स्पष्ट लिहिलेलं असतं, कारण इथली शेपूट मोटारीपेक्षा फार जास्त उसळते. मोटरहोमसाठी मंजूर असल्याचा स्पष्ट उल्लेख असलेलाच रॅक घ्या. नुसत्या बंपरच्या चौकोनी नळीला टांगायचा तर विचारही करू नका. ती नळी बहुधा दोन जोडांवर वेल्ड केलेली असते आणि हादऱ्यांनी ते वेल्डच आधी तडकतं. धुराड्याची नळी कुठे उघडते तेही बघा. तिच्या समोर तासभर टायर आला तर रबर वितळतं. असं वितळलेलं टायर मी बदललं आहे. त्याला बाहेरून काही झालेलं दिसत नव्हतं, एका बाजूला फक्त पाव वितीचा चकाकता डाग होता.

छतावर मात्र नको. उंची वाढते, वारा धरतो, शिडीवरून २५ किलो चढवणं धोक्याचं, आणि एखाद्या पुलाखाली आठवण राहिली नाही की सगळंच संपलं.

रॅक कोणताही असो, बांधणी चुकली तर बाकी सगळं वाया. सगळ्यात जड सायकल भिंतीलगत, हलकी बाहेर. एकीचं हँडल डावीकडे तर दुसरीचं उजवीकडे, म्हणजे हँडल, सीट आणि पॅडल एकमेकांत अडकत नाहीत. जिथे धातू धातूला लागेल तिथे पाण्याच्या नळावर चढवतात तसली फोमची नळी कापून घाला. प्रत्येक सायकलीला चौकटीवरची पकड आणि दोन्ही चाकांचे पट्टे तर हवेतच, शिवाय या सगळ्यांशी संबंध नसलेला एक रॅचेटचा पट्टा सर्व सायकलींना आणि रॅकच्या मुख्य दांड्याला वळसा घालून. कार्बनच्या चौकटीला पकड आवळू नका, नळी चिरडते. अशा सायकलीला चाकांवरून धरणारा रॅक लागतो. बाजूचे पट्टे लावल्यावर पुढचं चाक स्वतंत्र बांधा, नाहीतर हँडल वाऱ्याने वळतं. पट्ट्यांची मोकळी शेपटं गाठ मारून आत खोचा. ती फडफडून रंग तर खातातच, शिवाय फडफडता फडफडता पट्टा सैल होत जातो.

त्या जादा पट्ट्यामागे माझी एक फजिती आहे. संध्याकाळी निघालो होतो, चाळीसेक किलोमीटर झाले असतील, मागची गाडी सारखी दिवे मारत होती. मला वाटलं पुढे जायचंय, मी बाजू दिली. ती शेजारी आली आणि आतली बाई हाताने मागे बोट दाखवत राहिली. थांबून पाहतो तर बाहेरच्या सायकलीच्या पुढच्या चाकाचा पट्टा तुटलेला, आणि चाक गाडीच्या कडेबाहेर आडवं डुलतंय. पट्ट्याचं प्लास्टिकचं बकल उन्हाने ठिसूळ होऊन दुभंगलं होतं. पाच वर्षं तेच वापरत होतो, रोज बघत होतो आणि पाहिलं मात्र कधीच नव्हतं. तेव्हापासून पट्टे ठरावीक काळाने बदलतो, दिसायला चांगले असले तरी. निघाल्यावर वीस-तीस किलोमीटरवर एकदा थांबतो, कारण पहिल्या हादऱ्यांत सगळं थोडं बसतं आणि पट्टे सैलावतात. नंतर इंधनाच्या प्रत्येक थांब्यावर बाहेरची सायकल दोन्ही हातांनी धरून हिसडतो. सायकल हलली आणि गाडीही तिच्याबरोबर हलली तर ठीक. सायकल एकटीच हलली तर आवळायचं.

बॅटरी काढून गाडीत ठेवा. एक बॅटरी अडीच ते चार किलोची असते, म्हणजे दोन सायकलींचे सहज सात किलो शेपटीवरून कमी होतात. पाऊस आणि रस्त्यावरचा चिखल तिच्या टोकांना लागत नाही आणि चोरीचं आकर्षणही कमी होतं. सायकलीवरच्या रिकाम्या खोबणीला झाकण किंवा घट्ट पिशवी लावा, कारण मागच्या चाकांनी उडवलेलं पाणी तिथे सरळ येतं. आत बॅटरी उन्हात किंवा हीटरजवळ ठेवू नका, आपटणार नाही अशी बांधा, आणि सगळे झोपलेले असताना चार्ज करू नका. स्क्रीन, पंप, बाटली, टोपली, मुलाची सीट हे सगळं निघण्याआधी उतरवा. सुटं काहीही ताशी नव्वदच्या वेगात मागच्याच्या काचेवर जाऊ शकतं.

कव्हरबद्दल माझं मत जरा कडवट आहे. चिखलापासून सायकल वाचते हे खरं, पण मोठं कव्हर शिडासारखं फुगतं, वाऱ्याची ओढ वाढवतं आणि टेललाइट झाकतं. रॅक बनवणाऱ्या काही कंपन्या कव्हर लावून चालवायला मनाईच करतात. मी मुक्कामी कव्हर घालतो, रस्त्यावर काढतो. मुक्कामी पोचल्यावर सायकली पाण्याच्या हलक्या धारेने धुतो. दाबाच्या पाण्याचा फवारा बेअरिंगवर आणि मोटरवर मारत नाही.

कायद्याचं सूत्र जवळजवळ सगळीकडे सारखं: नंबरप्लेट, टेललाइट, इंडिकेटर झाकले जाता कामा नयेत, आणि झाकले जात असतील तर रॅकवर दिव्यांची पट्टी व दुसरी नंबरप्लेट लावावी. सायकली गाडीच्या रुंदीबाहेर जाऊ नयेत. इटली आणि स्पेनमध्ये मागे बाहेर आलेल्या सामानावर ५० बाय ५० सेंमीचा लाल-पांढऱ्या तिरक्या पट्ट्यांचा परावर्तक फलक लावावा लागतो. इटलीत तो ॲल्युमिनियमचाच हवा, म्हणून दोन्हीकडे जाणाऱ्यांनी ॲल्युमिनियमचा घ्यावा. फलक चारही कोपऱ्यांनी घट्ट बांधा. विमा कंपनीला रॅकची माहिती द्या आणि सायकली रॅकवर असताना चोरी झाली तर भरपाई मिळते का, हे विचारा. अनेकदा अट असते, कुलूप कोणत्या प्रकारचं आणि रात्री कुठे. चौकटीखालच्या क्रमांकाचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या. कुलूप रॅकच्या पोकळ नळीला न घालता चासीपर्यंत पोचणाऱ्या जाड साखळीला घाला. पट्टा सुटला तर हीच साखळी सायकल रस्त्यावर पडू देत नाही.

चालवताना सवय बदलावी लागते. मागे ७०-८० सेंमी वाढले, म्हणजे डावीकडे वळताना उजवी शेपूट आधीपेक्षा जास्त बाहेर फेकली जाते. भिंतीलगत उभी गाडी काढताना हे आधी कळतं, आणि महागात कळतं. मागचा कॅमेरा सायकलींनी झाकला जातो, सेन्सर सारखा बोंबलतो, म्हणून रिव्हर्स घेताना कुणीतरी खाली उतरायचंच. फेरीबोटीवर लांबीप्रमाणे भाडं असतं, तिथे रॅकसह लांबी सांगा. बोटीच्या उतारावर टो-बारचा रॅक जमिनीला घासतो का, ते आधी बघा. घासत असेल तर भिंतीवरचा बरा.

आता तुमच्या गाडीचं. मी असं करेन: हँडल वळवून दोन्ही ई-सायकली १०५ सेंमीच्या दारातून आत जातात का, हे आधी प्रत्यक्ष करून बघेन, रॅकचे पैसे देण्याआधी. जात असतील तर विषय संपला, सुंठीवाचून खोकला गेला. एकच जात असेल तर जड ती आत आणि हलकी बाहेर, म्हणजे भिंतीवर एका सायकलीचाच भार. दोन्ही बाहेरच न्याव्या लागल्या तर बॅटरी काढून, ६० किलोच्या रॅकवर, फक्त त्या दोन. हिशेब असा: २२.५ आणि २१.५, रॅकचे १२, एकूण ५६ किलो, मागच्या आसावर सुमारे ९० किलो. ११८ पेक्षा हे खूप बरं, पण काट्यावर तपासल्याशिवाय नाही.

मुलीची सायकल या रॅकवर चढवू नका, जागा असली तरी. लहान सायकलीच्या चाकांमधलं अंतर कमी, त्यामुळे तिचं एक चाक पन्हळीतल्या पट्ट्याच्या जागेपर्यंत पोचत नाही, आणि चौकट बसकी म्हणून पकडीचा हात तिला धड धरू शकत नाही. मोठ्या बसक्या चौकटीच्या सायकलीला सीटची नळी आणि हँडलचा दांडा जोडणारी जादा दांडी लावून हा प्रश्न सुटतो. तुमच्या ई-सायकली तशा असतील तर ही दांडी आधीच मागवून ठेवा. मुलीची सायकल मात्र १०५ च्या दारातून हँडल न वळवताही आत जाईल. चेनची बाजू भिंतीकडे करून उभी करा, बाहेरच्या बाजूचं पॅडल काढून ठेवा. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, ते सोडवताना पाना घड्याळाच्या दिशेने फिरवा.